पाटीवर लघुउद्योग, कागदावर व्यापारी

वाळूज एमआयडीसीत एक फॅब्रिकेशनचा गाळा आहे. पत्र्याचं शेड, दारात टेम्पो, आत वेल्डिंगची दोन मशीनं, एक बेंडिंग, एक शिअरिंग, आणि कपड्यांना घरापर्यंत चिकटून येणारा जळक्या लोखंडाचा वास. त्यांच्या हिशोबाचं काम मी पाहतो. गाळ्याचे मालक, सगळे त्यांना काका म्हणतात, एका दुपारी माल पोचवल्याच्या चलनांची फाइल काखेत मारून आले. एका मोठ्या कंपनीकडं त्यांची 8 लाखांची बिलं अडकली होती. मुदत संपून 10 महिने झाले होते.

"माल घेतला की 45 दिवसांत पैसे द्यायचा कायदा हाय म्हणं. आपण तर लघुउद्योग, पाटीवरच लिहिलंय. आपल्याला लागू होईल ना?"

मी उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र मागितलं. फाइलच्या तळातून एक घडी पडलेला रंगीत कागद निघाला. त्यावर वर्ग लिहिला होता 'सूक्ष्म'. आणि मुख्य कामाच्या रकान्यात लिहिलं होतं 'व्यापार'. काकांनी तो कागद नेट कॅफेत काढून घेतला होता. तिथल्या पोरानं विचारलं, "काय करता?" काका म्हणाले, "लोखंडाचा धंदा." झालं.

सूक्ष्म असण्यानं काकांचं काहीच नुकसान नव्हतं, उलट फायदाच होता. 'व्यापार' या एका शब्दानं मात्र 8 लाखांवरचा त्यांचा हक्क लटकला होता. आपल्याकडं जालन्यापासून लातूरपर्यंत अशी घडी घातलेली प्रमाणपत्रं हजारो फायलींत पडून आहेत, आणि त्यावर काय लिहिलंय हे मालकानं एकदाही नीट वाचलेलं नसतं. म्हणून हे सगळं मुळापासून सांगतो.

आधी जुनी गोष्ट. 'लघुउद्योग' हा शब्द आपल्या तोंडात बसलाय तो जुन्या एसएसआय (स्मॉल स्केल इंडस्ट्री) नंबरच्या काळापासून. 2006 साली सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आला आणि 2 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. तेव्हा फक्त एकच गोष्ट मोजली जायची, मशीनरीत किती पैसा घातला. कारखान्याला एक मोजपट्टी आणि सेवा देणाऱ्याला वेगळी. कारखान्यात 25 लाखांपर्यंत सूक्ष्म, 5 कोटींपर्यंत लघु, 10 कोटींपर्यंत मध्यम. सेवेत 10 लाख, 2 कोटी, 5 कोटी. त्यामुळं व्हायचं असं, की दोन मशीनं वाढवायची वेळ आली की माणूस घाबरायचा. भावाच्या नावानं दुसरी फर्म, बायकोच्या नावानं तिसरी. मशीनं एकाच शेडमध्ये, मधे फक्त एक पत्रा.

1 जुलै 2020 पासून पद्धत बदलली. कारखाना आणि सेवा यांतला भेद संपला आणि गुंतवणुकीच्या जोडीला उलाढाल आली. 1 एप्रिल 2025 पासून मर्यादा पुन्हा वाढल्या, आणि आज याच चालतात. गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म. 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत लघु. 125 कोटी आणि 500 कोटींपर्यंत मध्यम. त्यापुढं मोठा उद्योग, त्याला या कायद्याचं छत्र नाही.

या वाक्यांतला 'आणि' महत्त्वाचा आहे. दोन्ही आकडे मर्यादेच्या आत पाहिजेत. एक जरी बाहेर गेला, तरी वर्ग वरचा. खाली यायचं असेल तर मात्र दोन्ही आकडे खालच्या मर्यादेत यावे लागतात. वर चढायला एक पाय पुरतो, उतरायला दोन्ही लागतात.

आता पहिला आकडा, गुंतवणूक. इथं सर्वांत जास्त गैरसमज आहेत. काकांनाही वाटत होतं की प्लॉटची आजची किंमत धरली तर आपण सूक्ष्म कसले! पण जागा यात धरतच नाहीत. इमारत, शेड, फर्निचर हेही नाही. मोजायचं ते मशीनरी आणि साधनसामग्री. त्यात दारातला मालवाहू टेम्पो येतो, जनरेटर येतो, ऑफिसातला कॉम्प्युटरही येतो. प्रदूषण नियंत्रण, संशोधन आणि कामगारांच्या सुरक्षेसाठी घेतलेल्या साधनांचा खर्च वगळतात. ज्या मालकानं धूर ओढणारी यंत्रणा बसवली, त्याचा वर्ग त्यापायी वर ढकलला जात नाही. ही तरतूद मला मनापासून आवडते.

आणि किंमत कुठली धरायची? मशीन घेतलं तेव्हाची नाही, तर घसारा, म्हणजे वापरामुळं दर वर्षी धरायची घट, वजा जाऊन वर्षअखेरीला उरलेली, इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये दिसते ती. समजा 40 लाखांचं व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, घेतलं. साध्या मशीनरीवर दर वर्षी 15 टक्के घसारा. पहिल्या वर्षाच्या शेवटी ते कागदावर 34 लाखांचं, दुसऱ्या वर्षी 28 लाख 90 हजारांचं, तिसऱ्या वर्षी साडेचोवीस लाखांच्या आसपास. मशीन तेवढंच काम देतं, पण वर्ग ठरवताना त्याचं वजन दर वर्षी घटतं. त्यामुळं गेल्या 10 वर्षांत मिळून 4 कोटींची मशीनं घेतलेला माणूसही आज गुंतवणुकीच्या हिशोबानं सूक्ष्ममध्ये बसू शकतो. अगदी नवा कारखाना असेल, एकही रिटर्न भरलेलं नसेल, तर मात्र खरेदीच्या बिलाची किंमत जीएसटी वगळून स्वतःच जाहीर करायची. मशीन नवं असो की सेकंडहँड, नियम तोच.

दुसरा आकडा उलाढालीचा. हा दिसतो सोपा, पण आपल्या भागात खरा पेच यातच आहे.

लातूरची डाळ मिल घ्या. सॉर्टिंग, ग्रेडिंग, पॉलिशिंग धरून मशीनरी 1 कोटीच्या आतली असू शकते. पण तूर महाग. डाळीचा भाव क्विंटलला 10 हजार धरला, तर 10 कोटींची उलाढाल व्हायला 10 हजार क्विंटल डाळ पुरते. वर्षाचे 300 दिवस मिल चालली, तर रोजचे साधारण 33 क्विंटल. ही काही मोठी मिल नव्हे. आणि भाव 15 हजारांवर गेला, तर तीच मर्यादा रोजच्या 22 क्विंटलवरच ओलांडते. मिल तीच, माणसं तीच, मालकाच्या हातात क्विंटलमागं उरणारे चार पैसेही तेच, पण तुरीचा भाव चढला म्हणून उद्योग सूक्ष्मचा लघु झाला. तिकडं वाळूजचा जॉबवर्कवाला पाहा. माल कंपनीचा, याच्याकडं फक्त मजुरी. कोटीची मशीनं असली तरी उलाढाल 2-3 कोटींच्या पुढं सरकत नाही. दोघांच्या धंद्याची नाडी वेगळी आहे आणि मोजपट्टी एकच. डाळ, सरकी, सोयाबीन, हळद असल्या धंद्यांत उलाढाल म्हणजे बहुतेक करून शेतमालाची किंमत असते, हे मोजपट्टीत कुठंतरी यायला हवं होतं असं मला ठामपणे वाटतं.

जालन्याच्या सळईचंही तसंच. टनाचा भाव 50 हजार धरला, तर 20 हजार टनांना 100 कोटी होतात, आणि रोलिंग मिल लघुमधून मध्यममध्ये जाते. रोजचे 65-70 टन. मध्यममध्ये गेल्यावर काय जातं, ते पुढं सांगतो.

उलाढालीत एक सूट मात्र मोठी आहे. निर्यात वगळतात. वसमतचा एखादा हळद प्रक्रिया करणारा वर्षाला 14 कोटींचा माल विकतो आणि त्यातला 5 कोटींचा परदेशी जातो, तर वर्गासाठी त्याची उलाढाल धरायची 9 कोटी. तो सूक्ष्मच. निर्यात वाढवणाऱ्यानं वर्ग जाईल म्हणून हात आखडायचं कारण नाही.

आता पॅनचा मुद्दा. उद्योग म्हणजे गाळा नव्हे, उद्योग म्हणजे पॅन. एकाच माणसाच्या नावावर लातूरला तेलाचा घाणा आणि बीडला जिनिंग असेल, दोन्ही एकाच पॅनवर, तर कायद्याच्या लेखी तो एकच उद्योग. दोन्हींची मशीनरी एकत्र, दोन्हींची उलाढाल एकत्र, नोंदणी एकच. दोन राज्यांत दोन जीएसटी नंबर असले तरी पॅन एक म्हणजे उद्योग एक. भागीदारी फर्मचा किंवा कंपनीचा पॅन वेगळा असतो, म्हणून ती वेगळी धरली जाते.

नोंदणी सरकारच्या उद्यम पोर्टलवर होते आणि ती पूर्ण फुकट आहे. आधार नंबर लागतो, पॅन लागतो, आणि जीएसटी कायद्याप्रमाणं लागू असेल तरच जीएसटी नंबर. एकही कागद अपलोड करावा लागत नाही, कारण आकडे इन्कम टॅक्स आणि जीएसटीच्या नोंदींतून येतात. नंबर कायमचा, नूतनीकरण नाही. तरीही सरकारी वाटावी अशी नावं आणि रंग वापरून हजार-दोन हजार रुपये उकळणाऱ्या वेबसाइट आहेत, आणि आपली माणसं त्यांना बळी पडतात. कुणी फी मागितली, की तिथंच उठायचं.

ज्यांचा धंदा इतका लहान की जीएसटीत यावंच लागत नाही, भूम तालुक्यातल्या खव्याच्या भट्ट्या, गावातली पिठाची गिरणी, शिवणकाम, त्यांच्यासाठी जानेवारी 2023 पासून उद्यम असिस्ट नावाची वेगळी सोय आहे. बँक किंवा वित्तसंस्थेमार्फत ती नोंदणी होते, आणि त्यावर बँकेत प्राधान्य क्षेत्रातलं कर्ज सूक्ष्म उद्योग म्हणून मागता येतं. रिझर्व्ह बँकेनं बँकांना एकूण कर्जातला साडेसात टक्के हिस्सा सूक्ष्म उद्योगांनाच देण्याचं उद्दिष्ट घालून दिलंय. म्हणजे मॅनेजरसमोर हात जोडून बसायचं कारण नाही, त्यालाही तो आकडा गाठायचा असतो.

वर्ग वाढला तर सवलती दुसऱ्याच दिवशी बंद होतात का? नाही. ऑक्टोबर 2022 च्या अधिसूचनेनुसार वरच्या वर्गात गेलेल्या उद्योगाला आधीच्या वर्गाच्या करेतर (कर सोडून इतर) सवलती पुढची 3 वर्षं मिळत राहतात. वर्ग घटला, तर चालू आर्थिक वर्ष संपेपर्यंत जुना वर्ग आणि पुढच्या 1 एप्रिलपासून नव्या वर्गाचे लाभ. फक्त दर वर्षी रिटर्न भरल्यावर पोर्टलवर माहिती अद्ययावत करावी लागते. ती केली नाही तर नोंदणी स्थगित होऊ शकते, आणि हे काम बहुतेक जण विसरतात.

आता मध्यममध्ये गेल्यावर काय जातं, ते पाहू. सूक्ष्म आणि लघु या दोघांना कायद्यानं पैसे वेळेवर मिळण्याचा हक्क दिलाय. मध्यमला तो नाही. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी आपल्या खरेदीतला 25 टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो, त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. टेंडरची बयाणा रक्कम त्यांना माफ असते. तारण न देता कर्ज मिळावं म्हणून जी हमी योजना आहे, तिची मर्यादा एप्रिल 2025 पासून 10 कोटी झाली, तीही सूक्ष्म आणि लघुसाठीच. म्हणून जालन्याच्या त्या रोलिंग मिलला मध्यमचा शिक्का लागणं ही नुसती कागदी गोष्ट नाही.

या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत मोलाचा हक्क पैशांचा. तो असा चालतो. खरेदीदारानं माल स्वीकारला त्या दिवसापासून मोजायचं. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत पैसे. करार असेल तर त्यात ठरलेल्या मुदतीत, पण ती 45 दिवसांपेक्षा जास्त नाही. पर्चेस ऑर्डरवर कंपनीनं '90 दिवस' छापलं आणि तुम्ही सही केली, तरी कायद्यापुढं 45 च. मालात खोट आहे असं म्हणायचं असेल तर तेही माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी कळवायचं. नाहीतर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून सही-शिक्क्याचं चलन जपायचं. काकांच्या फाइलमधली ती मळकी, तेलाचे डाग पडलेली चलनं हाच त्यांचा खरा पुरावा होता.

मुदत चुकली तर व्याज लागतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. बँक दर 6 टक्के धरा, म्हणजे व्याज 18 टक्के. 8 लाखांवर 10 महिन्यांचं सुमारे 1 लाख 28 हजार. करारात व्याज लिहिलेलं नसलं तरी लागतं. खरेदीदार ऐकत नसेल तर सरकारी पोर्टलवरून सुलभीकरण परिषदेकडं, म्हणजे थकलेल्या पैशांचे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडं, अर्ज करायचा. परिषद आधी तडजोड घडवते, नाही जमलं तर लवाद. कायदा 90 दिवसांत निकाल द्यायला सांगतो, प्रत्यक्षात वेळ जास्त जातो. पण निकाल विरोधात गेला आणि खरेदीदाराला कोर्टात आव्हान द्यायचं असेल, तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. ही अट भल्याभल्यांना जमिनीवर आणते.

याला आणखी एक जोर मिळाला तो 2023 च्या वित्त कायद्यानं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी उत्पन्नातून वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. मार्च 2024 मध्ये आमच्याकडं फोन थांबत नव्हते. वर्षानुवर्षं "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणणारे स्वतःहून उद्यम नंबर विचारत होते. काहींनी मात्र उलटा डाव टाकला, नोंदणी रद्द करा नाहीतर ऑर्डर बंद. माझ्या ओळखीच्या एकानं घाबरून तशी तयारीही केली होती, आम्ही त्याला थांबवलं. ऑर्डर एका वर्षाची असते, हक्क एकदा सोडला की पुढच्या प्रत्येक बिलावर सोडलेला असतो.

आणि इथंच काकांचा 'व्यापार' हा शब्द आडवा येतो. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै 2021 पासून उद्यममध्ये घेतलं, पण फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं. 45 दिवसांचं संरक्षण त्यांना नाही. मोंढ्यातल्या आडत्याकडंही उद्यम प्रमाणपत्र असतं आणि वाळूजच्या वेल्डरकडंही असतं, दोन्ही कागद दिसायला सारखे, हक्क वेगळे. काका पत्रा कापतात, वाकवतात, जोडतात, रंगवतात, नवी वस्तू तयार करतात. ते उत्पादक आहेत. पण परिषदेत समोरच्या वकिलानं पहिलं बोट त्या रकान्यावरच ठेवलं असतं.

नोंदणी कधी केली हेही इथं महत्त्वाचं. व्यवहार झाल्यावर नोंदणी करून मागच्या बिलांवर हक्क सांगता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 साली म्हटलं होतं. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयानं हा प्रश्न मोठ्या पीठाकडं सोपवला. पण त्या भरवशावर कुणी बसू नये. पहिली ऑर्डर घेण्याआधी नोंदणी हातात पाहिजे.

काकांच्या बाबतीत आम्ही त्याच संध्याकाळी पोर्टलवर दुरुस्ती केली. मुख्य काम उत्पादन, आणि धातूच्या वस्तू बनवण्याचा नेमका कोड. जुन्या 8 लाखांसाठी परिषदेत जाण्याइतका भक्कम कागद हातात नव्हता. चलनांच्या प्रती जोडून कंपनीला पत्र पाठवलं, तीन वेळा जाऊन बसलो. मुद्दल तीन हप्त्यांत आलं. व्याजाचे 1 लाख 28 हजार आले नाहीत, आणि त्या 10 महिन्यांत काकांनी पत्र्याच्या दुकानदाराला जे व्याज दिलं, ते त्यांच्याच खिशातून गेलं.

नंतरच्या आठवड्यात त्यांनी एक रबरी शिक्का करून घेतला. सूक्ष्म उद्योग, उत्पादन, खाली उद्यम नंबर. आता प्रत्येक बिलावर आणि चलनावर तो उमटतो, आणि टेम्पो गेटच्या बाहेर पडायच्या आधी काका स्वतः चलन उलटून तो नीट उमटलाय का ते पाहतात.